लांडग्याची उलटी वाट : 'न्यू मून' या किशोर-प्रणयकादंबरीचे वाचन

सारांश : अमेरिकन लेखिका स्टेफनी मायर यांची 'न्यू मून' (२००६) ही कादंबरी 'ट्वायलाइट' (२००५) या गाजलेल्या प्रणयकादंबरीचा उत्तरभाग होय. तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या या कादंबरीत लांडग्याचे रूप धारण करणाऱ्या तरुणाचे चित्रण आहे. त्यासाठी लेखिकेने अमेरिकेतील क्विलियूट या आजही नांदत्या आदिवासी जमातीचे नाव आणि तिच्या उत्पत्तिकथेचा धागा वापरला आहे. उत्तरभागाची रचना, विरहाचे चित्रण आणि वृकमानवाची कल्पना या तीन अंगांनी प्रस्तुत लेखात या कादंबरीचे वाचन केले आहे. क्विलियूट परंपरेत लांडग्याचा माणूस होतो, कादंबरीत माणसाचा लांडगा होतो. जेकब ब्लॅक या पात्राच्या वाट्याला आलेल्या दुय्यमत्वाचे मूळ या उलटापालटीत आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : किशोर-युवा साहित्य, प्रणयकादंबरी, उत्तरभाग, वृकमानव, विप्रलंभ शृंगार, आदिवासी प्रतिमा.

१. प्रस्तावना

लोकप्रिय साहित्याविषयी विद्यापीठीय समीक्षेची भूमिका बहुधा दोन टोकांची राहिली आहे. एक तर अशा साहित्याकडे पूर्ण दुर्लक्ष करावयाचे, किंवा त्याच्या खपाचे आकडे पाहून त्याला 'सांस्कृतिक घटना' मानावयाचे आणि कृतीत शिरण्याचे टाळावयाचे. दोन्ही भूमिकांत प्रत्यक्ष वाचन मागे पडते. महाविद्यालयात येणारे विद्यार्थी मात्र या कादंबऱ्या वाचतात. त्यांच्यावर आधारलेले चित्रपट पाहतात. प्रेम, संताप, देह आणि परकेपणा यांविषयीच्या कल्पना काही अंशी त्यांतून घडवतात. म्हणून अशा एखाद्या कादंबरीचे, इतर साहित्यकृतींना लावतो त्याच गांभीर्याने, वाचन करणे आवश्यक ठरते.

'ट्वायलाइट' मालिकेत चार मुख्य कादंबऱ्या आहेत. 'ट्वायलाइट' २००५ मध्ये, 'न्यू मून' २००६ मध्ये, 'एक्लिप्स' २००७ मध्ये आणि 'ब्रेकिंग डॉन' २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या भागात बेला स्वान ही शाळकरी मुलगी आणि एडवर्ड कलन हा व्हॅम्पायर, म्हणजे रक्तावर जगणारा व वय न वाढणारा अमर तरुण, यांचे प्रेम जुळते. दुसऱ्या भागात एडवर्ड दूर जातो आणि त्याच्या जागी जेकब ब्लॅक पुढे येतो. जेकब क्विलियूट जमातीचा आहे आणि कथेच्या ओघात तो लांडग्याचे रूप घेऊ लागतो. चार भागांपैकी वृकमानवाला मध्यवर्ती स्थान सर्वप्रथम याच भागात मिळते. म्हणून अभ्यासासाठी 'न्यू मून'ची निवड केली असून इतर भागांचा विचार आवश्यक तेवढाच केला आहे.

शीर्षकाविषयी एक खुलासा करणे इष्ट होईल. 'न्यू मून' या शब्दांवरून मराठी वाचकाच्या मनात नव्याने उगवलेल्या चंद्रकोरीचे चित्र उभे राहण्याचा संभव आहे. खगोलशास्त्राच्या परिभाषेत त्याचा अर्थ अमावास्या असा होतो, आणि कादंबरीला तोच अभिप्रेत आहे : नायिकेच्या आयुष्यातील सर्वांत काळोखा पंधरवडा. वृकमानवाच्या रूढ कथांत पौर्णिमेला जे स्थान असते, ते येथे नाही. जेकबचे रूपांतर चंद्राच्या कलांवर अवलंबून नाही.

२. उत्तरभागाचा पेच

प्रणयकथेला उत्तरभाग लिहिणे मुळातच अवघड असते. नायक-नायिकेचे मीलन झाले की कथेची गरज संपते. पुढे लिहावयाचे असेल तर झालेले मीलन मोडावे लागते, आणि ते मोडण्यासाठी पटण्याजोगे कारण द्यावे लागते. मायर यांनी हे कारण एका घरगुती प्रसंगातून निर्माण केले आहे. बेलाच्या अठराव्या वाढदिवशी कलन कुटुंबाच्या घरी भेटवस्तूचा कागद उघडताना तिचे बोट कापते. रक्ताचा थेंब दिसताच जॅस्पर या कुटुंबीयाचा तोल सुटतो. तिला वाचविण्याच्या धडपडीत ती काचांवर पडते आणि तिच्या हाताला जखम होते. आपल्या सहवासात बेला सुरक्षित नाही अशा निष्कर्षाला एडवर्ड येतो, आता तुझी गरज नाही असे तिला खोटेच सांगतो आणि कुटुंबासह गाव सोडतो.

यानंतर कादंबरीत ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर व जानेवारी या चार महिन्यांची केवळ नावे येतात. पाने कोरी आहेत. हा तंत्राचा लहानसा प्रयोग आहे, परंतु तो परिणामकारक आहे. प्रथमपुरुषी निवेदन करणारी नायिका बोलेनाशी झाली की कथा थांबते, हे शब्दांविना सांगितले जाते. विरहाच्या वर्णनात अतिशयोक्तीचा मोह सुटत नाही, असा लोकप्रिय प्रणयकादंबऱ्यांविषयीचा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे तो मोह निदान चार पानांपुरता आवरला गेला आहे.

या विरहाचे स्वरूप भारतीय साहित्यशास्त्राच्या आधारे अधिक स्पष्ट करता येते. भरताने नाट्यशास्त्रात विप्रलंभ शृंगार आणि करुण यांमधील भेद सांगताना विप्रलंभाला 'सापेक्ष' व करुणाला 'निरपेक्ष' म्हटले आहे. पुनर्भेटीची आशा शिल्लक असेल तोवर दुःख शृंगाराच्या कक्षेत राहते. ती आशा संपली की करुणाचा प्रांत सुरू होतो. 'न्यू मून'मध्ये या दोन अवस्था एकाच वेळी नांदतात. बेलाच्या लेखी एडवर्ड कायमचा गेला आहे, म्हणून ती करुणात आहे. वाचकाला मात्र ठाऊक असते की ही मालिका आहे, आणि ज्याच्यासाठी मालिका सुरू झाली तो नायक परत येणारच. वाचक विप्रलंभात आहे. बेला संकटात सापडली की तिला एडवर्डचा आवाज ऐकू येतो, ही युक्ती या दोन अवस्थांना जोडणारा पूल आहे. विरहाच्या पारंपरिक अवस्थांपैकी उन्मादाशी तिचे नाते आहे. आणि तो आवाज पुन्हा ऐकण्यासाठी बेला मुद्दाम धोके पत्करू लागते, तेव्हा त्या अवस्थांतील शेवटची, मरणाची, पायरीही जवळ येते.

या रचनेचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. उत्तरभागाचा साहित्यप्रकारच पुनर्मीलनाची हमी देत असेल, तर मधल्या काळात नायिकेच्या जवळ येणाऱ्या दुसऱ्या तरुणाचा पराभव कथा सुरू होण्यापूर्वीच ठरलेला असतो. जेकब ब्लॅक हा तो तरुण आहे. त्याच्या स्वभावात, कर्तृत्वात किंवा प्रेमात उणेपणा आहे म्हणून तो हरत नाही. त्याची जागाच तात्पुरती आहे. 'रोमिओ अँड ज्युलिएट' या नाटकाचा आधार कादंबरी उघडपणे घेते आणि जेकबला त्या नाटकातील पॅरिसच्या जागी ठेवून पाहण्याचा विचार स्वतः बेलाच्याच मनात येतो. नायिकेला आपल्या कथेची चौकट ठाऊक आहे आणि त्या चौकटीत जेकबचे स्थान कोणते हेही ती ओळखून आहे.

३. जेकब : हातांचे काम आणि देहाची ऊब

असे असूनही कादंबरीचा सर्वांत जिवंत भाग जेकबचाच आहे, हे मान्य करावे लागते. बेला दोन मोडक्या मोटारसायकली घेऊन त्याच्याकडे जाते. घराशेजारच्या शेडमध्ये तो त्या सुट्या करतो, भाग शोधतो, जुळवतो. या पानांत संवाद हलका आहे, विनोद आहे, वेळेचे भान आहे. कोऱ्या पानांत गोठलेला काळ पुन्हा वाहू लागतो तो एखाद्या उत्कट संवादामुळे वाहत नाही. दोन माणसे मिळून एक काम करतात, त्यातून तो वाहू लागतो. एडवर्डच्या जगात कामाला असे स्थान नाही. कलन कुटुंब श्रीमंत आहे, सुंदर आहे, आणि त्याच्याकडे वेळ अमर्याद असल्यामुळे कोणत्याही गोष्टीची निकड नाही. जेकबचे वडील बिली चाकांच्या खुर्चीत आहेत, घर लहान आहे, पैसा बेताचा आहे. येथे मोडलेली वस्तू टाकून दिली जात नाही. ती दुरुस्त केली जाते.

देहाच्या पातळीवरही हा विरोध सूत्रबद्ध आहे. एडवर्डचा देह थंड व कठीण आहे. त्यात बदल होत नाही. जेकबचा देह झपाट्याने वाढतो, तापतो, आवरेनासा होतो. पौगंडावस्थेचे रूपक म्हणून वृकमानव किती समर्पक ठरू शकतो याचा प्रत्यय या भागात येतो. आवाज, उंची, राग, मित्रांशी एकाएकी आलेला दुरावा, घरच्यांपासून लपवावे लागणारे काही, जुन्या मैत्रिणीशी बोलताना येणारी अडचण हे सारे सोळा वर्षांच्या कोणत्याही मुलाच्या अनुभवातील आहे. लांडग्याच्या कल्पनेने त्याला एक ठळक आकार मिळतो. लांब केस कापून, सॅम युलीच्या टोळीत सामील होऊन, बेलाला टाळू लागलेला जेकब पाहताना वाचकाला प्रथम गूढ वाटत नाही, वाईट वाटते.

रहस्य उलगडण्याची रीतही कौशल्याची आहे. पहिल्या भागात ला पुशच्या समुद्रकिनाऱ्यावर जेकबने बेलाला आपल्या जमातीच्या जुन्या गोष्टी सांगितलेल्या असतात : पूर्वज लांडग्यांचे वंशज होते, 'थंड' माणसे त्यांची शत्रू होती, आणि पणजोबांनी त्यांच्यातील एका कुटुंबाशी करार केला होता. त्या वेळी तो स्वतः या गोष्टींवर हसत होता. 'न्यू मून'मध्ये तोच जेकब रात्री बेलाच्या खिडकीशी येतो. टोळीप्रमुखाच्या आज्ञेमुळे त्याला सत्य सांगता येत नाही. तेव्हा ती गोष्ट आठव, एवढेच तो विनवतो. ज्या कथेवर त्याचा विश्वास नव्हता तीच त्याचे आयुष्य होऊन बसली आहे. आजी-आजोबांकडून ऐकलेल्या आणि थट्टेवारी नेलेल्या परंपरेने तरुण माणसाला असे गाठावे, यात मोठ्या कादंबरीचे बीज होते.

४. लांडग्याची दिशा

हे बीज का रुजले नाही, याचे उत्तर शोधण्यासाठी कादंबरीबाहेरच्या क्विलियूट जमातीकडे वळावे लागते. क्विलियूट ही जमात काल्पनिक नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, नदीच्या मुखाशी ला पुश हे तिचे गाव आहे. गावाची लोकसंख्या काही शेकड्यांत मोजता येते. १८५५-५६ च्या सुमारास अमेरिकन सरकारशी झालेल्या करारान्वये या भागातील जमातींनी आपला विस्तीर्ण प्रदेश गमावला. १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ला पुश येथे सुमारे एक चौरस मैलाचे राखीव क्षेत्र ठरविण्यात आले. त्याच वर्षी गावकरी मजुरीसाठी बाहेर गेले असताना जमिनीवर हक्क सांगणाऱ्या एका गोऱ्या वसाहतकाराने गावातील घरे जाळली. या जमातीची भाषा एका अत्यंत लहान भाषाकुलातील असून म, न यांसारखे अनुनासिक वर्ण तिच्यात जवळजवळ नाहीत. जगातील भाषांत हे वैशिष्ट्य दुर्मिळ आहे. ही भाषा लहानपणापासून बोलणारी पिढी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ संपली होती.

या जमातीच्या उत्पत्तिकथेनुसार सृष्टीला आजचे रूप देणारा एक भ्रमंती करणारा रूपांतरकर्ता होता. फिरत फिरत तो या किनाऱ्यावर आला तेव्हा तेथे माणसे नव्हती. त्याला लांडग्यांची जोडी दिसली आणि त्याने तिचे माणसांत रूपांतर केले. ते पहिले क्विलियूट. जमातीच्या विधिसंघांपैकी एकाचा संबंध लांडग्याशी होता. मात्र माणसाने रागाच्या भरात लांडगा व्हावे, अशी कल्पना या परंपरेत नाही. मराठी वाचकाला देवकाच्या संकल्पनेवरून या नात्याची थोडीफार कल्पना करता येईल. देवक मानले गेलेले झाड वा प्राणी कुळाला पूज्य असतो, त्याच्याशी आप्तभाव असतो. परंतु कुळातील माणूस त्या झाडाचे वा प्राण्याचे रूप घेतो असे कोणी मानत नाही. दोन्ही संकल्पना एकच नाहीत, तथापि आप्तभाव आणि रूपांतर यांमधील अंतर लक्षात येण्यास ही तुलना उपयोगी आहे.

माणसाचा लांडगा होतो ही कल्पना युरोपीय आहे. ओव्हिडच्या 'मेटामॉर्फसिस' या लॅटिन काव्यात लायकेऑन या राजाला त्याच्या क्रौर्याची शिक्षा म्हणून लांडग्याचे रूप मिळते. तेथपासून युरोपीय कथांत लांडगा होणे म्हणजे माणूसपणातून खाली घसरणे, असा अर्थ रूढ झाला. क्विलियूट कथेत गती वरची आहे असेही म्हणता येणार नाही. तेथे वर-खाली हा प्रश्नच नाही. लांडगा हा पूर्वज आहे, माणूस हा त्याचा वंशज. दोन परंपरांतील लांडगा एकच प्राणी आहे, परंतु अर्थाच्या दृष्टीने त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत.

मायर यांनी क्विलियूट नाव ठेवले आणि दिशा युरोपीय घेतली. मालिकेच्या तिसऱ्या भागात जमातीच्या शेकोटीभोवती सांगितली जाणारी दीर्घ पुराणकथा येते. तीत माणसाचा आत्मा लांडग्याच्या देहात शिरतो. ही कथा लेखिकेची निर्मिती आहे. चौथ्या भागात तर हे तरुण खरे वृकमानव नाहीत, केवळ रूप बदलणारे आहेत आणि ते रूप लांडग्याचे असणे हा निव्वळ योगायोग आहे, असा खुलासा केला जातो. अस्वलाचे वा ससाण्याचे रूपही चालले असते असा त्याचा अर्थ होतो. ज्या जमातीच्या अस्तित्वाचा आरंभच लांडग्यापासून मानला जातो, तिच्या संदर्भात लांडगा योगायोगाचा ठरतो. उसनी घेतलेली गोष्ट कोठवर समजली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा कृतीत दुसरा नाही.

५. दोन अपघात, एक करार

दिशा बदलल्याचा परिणाम तपशिलांत कसा उतरतो, हे दोन प्रसंगांच्या तुलनेतून पाहता येते. जॅस्परचा तोल सुटतो आणि त्या गोंधळात बेलाच्या हाताला जखम होते. कुटुंबप्रमुख कार्लाइल डॉक्टर आहेत. ते टाके घालतात, शांतपणे बोलतात, आत्म्याच्या अस्तित्वाविषयी चर्चा करतात. या अपघातातून एडवर्डचा त्याग जन्मतो, म्हणजे व्हॅम्पायरच्या चुकीतून नैतिक विचार निर्माण होतो. दुसरा अपघात सॅम युलीचा. त्याचा क्षणभर ताबा सुटला आणि त्याची वाग्दत्त वधू एमिली हिच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण उमटले. या चुकीतून पश्चात्ताप निर्माण होतो, प्रेमही टिकते. पण ती कोणत्याही विचाराला जन्म देत नाही. तिचा उपयोग एक इशारा म्हणून होतो : या मुलांच्या फार जवळ उभे राहू नये. व्हॅम्पायरची तहान संयमाने जिंकता येते, ती संस्कृतीच्या कक्षेत आहे. लांडग्याचा संताप रक्तात आहे. पहिल्या गटातील सारे गोरे आणि सुशिक्षित आहेत, दुसऱ्या गटातील सारे आदिवासी तरुण आहेत, ही बाब योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

एमिलीच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. तिचे घर हे टोळीचे माजघर आहे. ती सर्वांना खाऊ घालते, सर्वांशी मायेने वागते. तिच्या तोंडी तक्रारीचा शब्द नाही. जिच्यावर आघात झाला तिने क्षमा केल्याचे दाखविले की आघात करणाऱ्याच्या जबाबदारीचा प्रश्न मिटतो, हे किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या प्रणयकादंबरीत निर्धोक मानता येणार नाही. एडवर्डने बेलाच्या वतीने परस्पर निर्णय घेणे आणि एमिलीचे हे मौन यांत एक आंतरिक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी पुरुषाच्या प्रेमाची उत्कटता हेच त्याच्या वर्तनाचे समर्थन ठरते.

करार हा दुसरा लक्षणीय घटक. कादंबरीतील कराराप्रमाणे कलन कुटुंबाने क्विलियूट भूमीत पाय ठेवावयाचा नाही आणि कोणाही माणसाला दंश करावयाचा नाही. त्या बदल्यात जमातीने त्यांचे रहस्य राखावयाचे. दीर्घकाळ दोन्ही पक्ष तो पाळतात. या भूप्रदेशाच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला येथे थबकावे लागते. ज्यांनी करारांत जमीन गमावली, त्यांच्या नावाने लिहिलेल्या कथेत करार हा समबलांतील सभ्य समझोता होऊन येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कादंबरीने स्वतःच घालून दिलेला एक नियम : व्हॅम्पायर जवळपास राहावयास आले की क्विलियूट मुलांत लांडग्याचे रूपांतर जागे होते. म्हणजे बाहेरून आलेल्या गोऱ्या, श्रीमंत, न मरणाऱ्या कुटुंबामुळे स्थानिक मुलांचे साधे तारुण्य हिरावले जाते. शाळा, मैत्री, स्वतःच्या मनातले विचार स्वतःपुरते ठेवण्याची मुभा, सारे काही ती गमावतात. वसाहतवादाचे याहून नेमके रूपक मुद्दाम शोधूनही मिळाले नसते. जेकबच्या बोलण्यातला कडवटपणा या वास्तवाचा निर्देश करतो; परंतु बेला तो मत्सर समजते आणि निवेदन तिच्याच हाती असल्यामुळे कादंबरीही तो मत्सरच समजते.

शेवटचा भाग याच दिशेने जातो. बेला कड्यावरून समुद्रात उडी घेते, जेकब तिला वाचवतो, एका दूरध्वनीच्या गैरसमजातून एडवर्ड तिला मृत समजतो आणि मरण ओढवून घेण्यासाठी इटलीतील व्होल्तेर्रा येथे जातो. बेला त्याच्या मागे धावते. कथा प्राचीन युरोपीय नगरात पोहोचते आणि लांडगे अमेरिकेच्या किनाऱ्यावर मागे राहतात. अखेरच्या प्रकरणांत जेकब पुन्हा येतो तो कराराची आठवण द्यायला. बेलाला अमर करावयाचे म्हणजे तिला दंश करावा लागेल आणि तो कराराचा भंग होईल. त्याचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. तथापि कथेने त्याला तोवर प्रेमातील अडथळ्याच्या जागी नेऊन बसविलेले असते, म्हणून त्याचे बरोबर असणेही आडमुठेपणासारखे वाचले जाते.

६. आक्षेपांचा विचार

या वाचनावर काही आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप कल्पनास्वातंत्र्याचा. अद्भुतकथेने प्रत्येक तपशील मानववंशशास्त्राच्या कसोटीवर उतरवावा काय? अशी मागणी केल्यास साहित्यनिर्मितीच अशक्य होईल, हे खरे आहे. व्होल्तेर्राचेच उदाहरण घेता येईल. हे नगरही खरे आहे आणि त्याच्याविषयी कादंबरीत जे सांगितले आहे ते काल्पनिक आहे. मात्र दोहोंतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. व्होल्तेर्राला एट्रुस्कन काळापासूनचा लिखित व वास्तुरूप इतिहास आहे. एका कादंबरीमुळे त्याची जगातील ओळख बदलत नाही. क्विलियूटांविषयी बहुसंख्य वाचकांनी ऐकलेला पहिला आणि अनेकदा शेवटचा शब्द म्हणजे ही मालिका. मौखिक कथांचे विद्वत्प्रकाशन १९३१ मध्ये झाले होते, परंतु ते ग्रंथालयांतच राहिले. कल्पनास्वातंत्र्य दोन्हीकडे सारखेच असले तरी त्याचे परिणाम सारखे नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. जेकब आणि त्याचे मित्र आजच्या काळातील मुले म्हणून येतात. ती शाळेत जातात, यंत्रे दुरुस्त करतात, एकमेकांची टर उडवतात. लोकप्रिय अमेरिकन कथांत आदिवासी बहुधा भूतकाळात वा वाळवंटात उभा केलेला आढळतो. त्या तुलनेत हे चित्रण पुढचे पाऊल नव्हे काय? हे श्रेय कादंबरीला द्यावयास हवे. जेकबवर वाचकांनी प्रेम केले ते त्याच्या हसऱ्या, कष्टाळू माणूसपणामुळे. त्यामुळेच त्याच्या रूपांतराचा अर्थ अधिक खुपतो. इतक्या आपुलकीने रंगविलेल्या मुलाला कथेने अखेर संताप आणि प्रतीक्षा एवढेच दिले.

तिसरा मुद्दा प्रसिद्धीचा. कादंबरी व २००९ मधील चित्रपटानंतर ला पुशकडे पर्यटकांचा ओघ वाढला. जमातीने या प्रसिद्धीकडे पाठ फिरवली नाही. आपली बाजू मांडण्यासाठी तिचा उपयोग केला. २०१० मध्ये सिएटल येथील कलासंग्रहालयात क्विलियूट लांडग्यांची खरी कथा सांगणारे प्रदर्शन जमातीच्या सहभागाने भरले. पुढे २०१२ मध्ये ते राजधानी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आदिवासी संग्रहालयातही मांडले गेले. त्याच वर्षी अमेरिकन संसदेच्या कायद्याने लगतच्या राष्ट्रीय उद्यानातील सुमारे ७८५ एकर जमीन जमातीला मिळाली, जेणेकरून त्सुनामी व पुराच्या टप्प्यातील शाळा व वस्ती उंचावर हलविता यावी. या जमिनीचा वाद कादंबरीहून कितीतरी जुना आहे, म्हणून त्याचे श्रेय कादंबरीला देता येत नाही. परंतु या घटनांतून एक गोष्ट दिसते. कादंबरीत क्विलियूट भूमी ही प्रेमकथेतील एक रेषा आहे, ओलांडावी की ओलांडू नये एवढाच तिचा प्रश्न. प्रत्यक्षात त्या भूमीचा प्रश्न समुद्राचे पाणी चढले तर मुलांनी कोठे जावे, हा आहे.

७. समारोप

'न्यू मून' ही सामान्य कादंबरी म्हणून बाजूला सारण्याजोगी नाही. विरहासाठी कोरी पाने ठेवण्याची सूचकता, दुरुस्तीच्या कामातून सावरणाऱ्या मनाचे चित्रण, आणि हसण्यावारी नेलेली कथा आयुष्य होऊन परत येण्याची कल्पना, या तिच्या जमेच्या बाजू आहेत. तिची मर्यादा तिच्या साहित्यप्रकारात जितकी आहे तितकीच तिने घेतलेल्या उसनवारीत आहे. उत्तरभागाच्या रचनेने जेकबला तात्पुरता ठरविले. युरोपीय वृकमानवाच्या कल्पनेने त्याला संतापी ठरविले. या दोन्हींना ओलांडून जाण्याची वाट जेकबच्या जमातीच्या मूळ कथेतच उपलब्ध होती. लांडग्यापासून माणूस झाला असे मानणाऱ्या समाजात जन्मलेल्या मुलाने लांडग्याचे रूप घेणे ही घसरण ठरली नसती. ते पूर्वजांकडे जाणे ठरले असते. मग त्याच्या हाती केवळ वाट पाहणे उरले नसते.

अध्यापनाच्या दृष्टीने या वाचनातून एक व्यावहारिक सूचना निघते. विद्यार्थ्यांनी अशी कादंबरी वाचली असेल तर तिच्याविषयी नाराजी दाखविण्याऐवजी तिच्याशेजारी क्विलियूट उत्पत्तिकथा ठेवावी आणि एकच प्रश्न विचारावा : येथे कोणाचे रूपांतर कशात होते? त्या एका प्रश्नाने प्रणयकथेच्या आवडत्या पात्रामागचा भूप्रदेश, करार आणि माणसे दिसू लागतात. आपल्याकडील लोकप्रिय कथा-चित्रपटांत कोणत्या समाजाच्या दैवतांना, प्राण्यांना आणि नावांना असेच उसने आणले जाते, हा पुढचा प्रश्न विद्यार्थी बहुधा स्वतःच विचारतील.